घोडा त्यांचा, हरभरा आमचा

मुंबई-पुण्याची माणसं रेसला जातात, आम्ही वऱ्हाडातली माणसं पटाला जातो. दोन्हीकडे जनावरं पळतात, माणसं ओरडतात आणि संध्याकाळी बऱ्याच जणांना घरी सांगण्यासाठी काहीतरी कारण शोधावं लागतं. फरक एवढाच, की तिकडे घोडे पळतात आणि आमच्या शंकरपटात बैल. पुण्याचं रेसकोर्स १८३० सालचं, मुंबईचं महालक्ष्मीचं १८८३ सालचं. तिथे १९४३ पासून इंडियन डर्बी होते, बायका टोप्या घालून येतात आणि दुर्बिणीतून घोड्यांपेक्षा एकमेकींकडेच जास्त पाहतात, असं ऐकून आहे. आमच्या पटात टोपी फक्त पुरुषांच्या डोक्यावर असते आणि तीही दुपारनंतर खिशात जाते, कारण जोडी सुटली की हवेत उडवायला उपरणंच बरं पडतं.

अचलपूरच्या माणसाने शर्यतीवर लिहावं हाच मुळात विनोद आहे. अचल म्हणजे जे हलत नाही ते. इंग्रजांच्या कागदोपत्री हे एलिचपूर, लोकांच्या तोंडी इलिचपूर आणि महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त अळजपूर. नाव सारखं बदलत राहिलं, गाव जागेवर राहिलं. मूर्तिजापूरहून इथे येणारी आमची ‘शकुंतला’ नावाची छोटी गाडी तर या नावाला इतकी जागली, की तिच्यातून उतरून रानातली चार बोरं खाऊन माणूस पुन्हा त्याच डब्यात चढत असे, असं आमचे वडीलधारे शपथेवर सांगत. गेली काही वर्षं तीही थांबली आहे. अचलपूर खऱ्या अर्थाने अचल झालं.

पण इतिहास उघडून पाहावा, तर या न हलणाऱ्या गावावरून घोडेच घोडे दौडत गेलेले दिसतात. सातशे वर्षांत इतके घोडे इथून गेले, की महालक्ष्मीवाल्यांनी लाजावं. आमच्या गावाने त्यांतल्या एकाही शर्यतीत पैज लावली नाही. गंमत अशी, की प्रत्येक शर्यतीत हरलं मात्र तेच.

अगदी सुरुवात करायची तर दंतकथेपासून करावी लागेल. ईल नावाचा राजा इथे राज्य करत होता, त्याच्यावरून इलिचपूर, असं सांगतात. त्याच्याशी लढायला गझनीकडून रहमानशहा आला. स्वतःचं लग्न चालू असताना हातातलं कंकण न सोडता तो तसाच घोड्यावर बसून निघाला, म्हणून त्याला दुल्हा म्हणतात. त्याचा दर्गा अचलपुरात आहे आणि सगळ्या जातिधर्मांचे लोक तिथे नवस बोलतात. आपल्याकडे नवरदेव घोड्यावर बसतो तो मांडवाकडे जायला. मांडवातून बाहेर पडायला घोडा वापरणारा हा बहुधा एकटाच. दंतकथा १००१ साल सांगते. इतिहासकार तिच्याकडे पाहून नुसतं हसतात. पण एक गोष्ट तेव्हापासून पक्की झाली. अचलपुरात घोडा आला, की तो कुणाच्यातरी दुसऱ्याच्या लग्नाच्या वरातीतला असतो आणि जेवणावळीचा खर्च आपल्याकडे असतो.

आता दंतकथा सोडून तारखांच्या प्रदेशात येऊ. साल १२९६. अल्लाउद्दीन खिलजी तेव्हा सुलतान झालेला नव्हता. तो गंगेकाठच्या कडा-माणिकपूरचा सुभेदार होता. दिल्लीच्या गादीवर होता जलालुद्दीन, जो त्याचा काका होता आणि सासराही. एकाच माणसाशी अशी दोन नाती असली की काय होतं, हे कुटुंबवत्सल वाचकांना सांगायला नको. फेब्रुवारीच्या अखेरीस अल्लाउद्दीन ‘चंदेरी घ्यायला जातो’ असं सांगून निघाला. चंदेरीला निघालेला जावई येताना मुलीसाठी साडी आणील, असं सासऱ्याला वाटलं असावं. जावई चंदेरीवरून पुढे सटकला तो विंध्य आणि सातपुडा ओलांडून थेट आमच्या अचलपुरात उतरला. मागे कड्याला अला-उल-मुल्क नावाचा विश्वासू माणूस बसवून ठेवला होता. ‘सगळं ठीक आहे, काळजी नसावी’ अशा अर्थाचे निरोप दिल्लीला पाठवत राहणं हे त्याचं काम. प्रत्येक रेसवाल्याचा असा एक मित्र असतोच.

घोडे किती होते? बरनी हा जवळच्या काळातला इतिहासकार तीन-चार हजार स्वार आणि दोन हजार पायदळ म्हणतो. तीनशे वर्षांनी लिहिणारा फरिश्ता आठ हजार स्वार म्हणतो. शर्यतीच्या घोड्यांबद्दल दोन जाणकारांचं एकमत झालं आहे, असं रेसकोर्सवरही घडत नाही, मग इतिहासात कुठून घडणार? फरिश्त्याच्याच म्हणण्याप्रमाणे ही फौज अचलपुरात दोन दिवस थांबली. आपण काकाशी भांडून दक्षिणेतल्या राजमहेंद्रीच्या राजाकडे नोकरी शोधायला चाललो आहोत, अशी आवई अल्लाउद्दीनने उठवली होती आणि लोकांना ती पटली. का पटू नये? काकाशी भांडून नोकरी शोधायला निघालेला तरुण हा आपल्या समाजाचा अगदी ओळखीचा माणूस आहे.

इतिहासकार या दोन दिवसांवर एक ओळ लिहितात आणि देवगिरीकडे वळतात. माझं मन मात्र त्या दोन दिवसांतच अडकतं. वसंताचे दिवस. हरभरा नुकताच खळ्यात आलेला. फरिश्त्याचे आठ हजार घोडे धरा आणि एका घोड्याला दिवसाचा दोनच शेर हरभरा धरा. सोळा हजार शेर झाले. चाळीस शेरांच्या मणाने चारशे मण. दोन दिवसांचे आठशे मण! याचे पैसे कुणी मागितले असतील, असं मला वाटत नाही. नोकरी शोधायला निघालेल्या आठ हजार सशस्त्र बेकारांपुढे वही कोण उघडणार?

पुढची दौड सगळ्यांना ठाऊक आहे. अल्लाउद्दीन देवगिरीवर असा आदळला, की रामदेवराव यादवाला किल्ल्यात शिरून दरवाजा लावायलाच वेळ मिळाला. राजाचा मुलगा मुख्य फौज घेऊन बाहेर गेलेला. किल्ल्यात घाईघाईने पोती ओढून घेतली होती, ती धान्याची म्हणून. वेढा पडल्यावर उघडून पाहिली, तर आत मीठ! फरिश्त्याने हे सांगितलं आहे. खरं असेल तर महाराष्ट्राच्या इतिहासातली ही सगळ्यात महाग पडलेली वाणसामानाची चूक. नुसतं मीठ खाऊन कुणी लढत नाही. तह झाला. फरिश्ता खंडणीचा आकडा देतो तो असा: ६०० मण सोनं, ७ मण मोती, २ मण रत्नं, १००० मण चांदी आणि ४००० रेशमी ठाणं. वर आणखी एक कलम होतं. एलिचपूर आणि त्याखालच्या मुलखाचा महसूल दरसाल कड्याला पाठवायचा.

आता बोला! शर्यत देवगिरीला झाली, पैज देवगिरीने हरली आणि गहाण पडलं अचलपूर. मीठ त्यांच्या पोत्यात निघालं, आळणी झालो आम्ही. जूनच्या सुरुवातीला अल्लाउद्दीन कड्याला परत पोचला. फेब्रुवारीअखेर निघून जूनमध्ये परत, म्हणजे जेमतेम चौदा आठवड्यांची ही शर्यत. जुलैत काका कौतुकाने भेटायला आला, तेव्हा पुतण्याने त्याचा गळा कापवला आणि तो सुलतान झाला. पुढे अचलपूरचा महसूल काही वर्षं तुंबला, तेव्हा १३०७ च्या सुमारास मलिक काफूर वसुलीला देवगिरीवर चालून आला. घोडे जातात, बिल राहतं, हा धडा आमच्या गावाने तेव्हाच गिरवला.

त्याच सुमारास मार्को पोलो दक्षिणेच्या किनाऱ्यावर उतरला होता. तिथले राजे दरवर्षी समुद्रापलीकडून हजारो घोडे आणतात, त्यांना मांस घालून शिजवलेला भात खायला देतात आणि वर्ष संपायच्या आत बहुतेक घोडे मरतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हे वाचल्यापासून मला आमच्या हरभऱ्याचा अभिमान वाटू लागला आहे. आमच्याकडचे घोडे मेले असतील ते लढाईत. जेवणाने नाही.

पुढे इमादशाही आली. १४९० पासून वऱ्हाड वेगळं राज्य झालं आणि अचलपूर राजधानी. १५७४ मध्ये अहमदनगरकरांनी ते गिळलं. मग मोगल आले, मग निजाम, मग निजामाचे नवाब. प्रत्येकाची फौज घोड्यावर बसून आली आणि प्रत्येकाचा घोडा भुकेला होता. जहागीर या शब्दाचा अर्थ शाळेत ‘राजाने दिलेली जमीन’ असा शिकवतात. खरा अर्थ ‘घोड्यांच्या चंदीची सोय’ असा आहे. राजा म्हणायचा, एवढे घोडे बाळग आणि एवढी गावं खा. गावं खाल्ली जायची. घोडे मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याकडून उसने आणले तरी चालायचं.

१८०३ मध्ये आर्थर वेलस्ली आमच्या अंगणात आला. हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. २९ नोव्हेंबरला त्याने अडगावची लढाई जिंकली आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. अचलपूरचा नवाब सलाबतखान इंग्रजांच्या बाजूने होता. ‘इलिचपूर ब्रिगेड’ अशा नावाने पुढे त्याची फौज ओळखली जाई. चित्रांत पाहा, वेलस्ली नेहमी घोड्यावर असतो. पत्रांत पाहा, त्याला सारखी काळजी आहे ती बैलांची. बैल चांगले नसतील तर फौज हलत नाही, हे त्याला इतकं पटलेलं होतं, की टिपूच्या पाडावानंतर कंपनीच्या हाती आलेल्या म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांचं त्याला फार अगत्य. पण नाव कुणाचं झालं? वॉटर्लूला त्याच्याखाली कोपनहेगन नावाचा घोडा होता. मूळचा रेसचाच. तो १८३६ मध्ये मेला तेव्हा त्याला लष्करी इतमामाने पुरलं. गाविलगडाच्या मोहिमेत पाठीला कुबड येईपर्यंत ओझी वाहिलेल्या बैलांपैकी एकाचंही नाव कुणाला ठाऊक नाही. आम्ही निदान वर्षातून एकदा, पोळ्याला, बैलाच्या पायावर पाणी घालतो. खांदशेकणीला लोणी-हळद लावून त्याच्या खांद्याची माफी मागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जू ठेवतो ही गोष्ट वेगळी. माफी मागून तेच काम पुन्हा करून घेणं, हा संसाराचा नियमच आहे.

पण खरी मजा १८५३ ची. निजामाच्या मुलखात ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज होती. तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा. पगार थकला, कर्ज फुगलं आणि २१ मे १८५३ च्या तहाने इंग्रजांनी वऱ्हाड खर्चापोटी लिहून घेतलं. फौज ठरली ती अशी: ५००० पायदळ, २००० घोडेस्वार आणि तोफांच्या ४ बॅटऱ्या. आमच्या परतवाड्याला तिची छावणी होती. म्हणजे १२९६ मध्ये अचलपूर एकटं गहाण पडलं होतं, आता सगळं वऱ्हाड पडलं. साडेपाचशे वर्षांनी इतिहासाची पुनरावृत्ती झाली ती व्याजासकट.

कुणी म्हणेल, निदान घोडे तरी आपल्या डोळ्यांसमोर होते. होते ना. परतवाड्याच्या माळावर पलटणीचे घोडे दौडताना आमच्या पणजोबांनी पाहिले असतील आणि आपलाच हरभरा काय सुंदर पळतो आहे, म्हणून मान डोलावली असेल. पण १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार केला. वर्षाला २५ लाख रुपये देऊन इंग्रजांनी वऱ्हाड कायमचं भाड्याने घेतलं. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून हिंदी फौजेत मिसळून टाकली. ज्या घोड्यांसाठी वऱ्हाड गहाण ठेवलं, ते घोडे गेले आणि गहाण तसंच राहिलं! सावकारीच्या धंद्यात मुरलेल्या माणसालाही ही युक्ती सुचायला वेळ लागला असता. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत घातला आणि आमचं जिल्ह्याचं ठाणंही गेलं. त्या कंटिंजंटच्या रिसाल्यांचा वारसा सांगणारी ‘डेक्कन हॉर्स’ आजही भारतीय सैन्यात आहे. ती आता रणगाडे चालवते. १९६५ मध्ये आसल उत्तरच्या लढाईत तिने नाव कमावलं. रणगाडा हरभरा खात नाही, ही त्यातली आम्हा वऱ्हाडकरांना सुखावणारी बाब.

मराठीत दोन जुने शब्द आहेत. ज्याचा घोडा सरकारचा तो बारगीर आणि ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. वऱ्हाडचा कुणबी या हिशेबात कुठेच बसत नाही. तो ना बारगीर, ना शिलेदार. तो हरभरा. पण त्यालाही कधीतरी वाटलं असेल, की आपलंही एक जनावर असावं, ते आपल्यासाठी पळावं आणि लोकांनी आपल्याकडे बघून टाळ्या पिटाव्यात. घोडा परवडणारा नव्हता. गोठ्यात बैल होता. हलका, पांढरा, चपळ गवळाऊ. शंकरपट कधी सुरू झाला त्याची तारीख मला माहीत नाही, पण तो का सुरू झाला असावा, हे मात्र मला कळतं.

फाल्गुनातला एक दिवस मी परतवाड्याजवळच्या एका पटात काढला. कापूस निघून गेलेला, तूर घरात आलेली, माळावर पळस पेटलेला आणि उत्तरेला गाविलगडचा डोंगर धुरकट निळा. दोन बैलांना हलका छकडा जुंपतात, त्यावर धुरकरी बसतो, झेंडी पडते आणि जोडी सुटते. तुम्ही ‘अरे, सुटली!’ म्हणेपर्यंत ती पोचलेली असते. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारं घड्याळ लावलेलं असतं. ज्या मुलखात लग्नाचा मुहूर्त दोन तासांनी टळला तर कुणी मनगटाकडे पाहत नाही, तिथे सेकंदाच्या शंभराव्या भागावरून हातघाईची भांडणं होतात. मग पुढची जोडी येईपर्यंत अर्धा तास आलुबोंडे, उसाचा रस आणि मागच्या वर्षीच्या जोड्यांची वंशावळ.

शेजारी एक आबाजी बसले होते. त्यांची जोडी दुपारी पळायची होती. मी विचारलं, “आबाजी, ही जोडी वावरात चालते का?”

“काहाची वावरात!” ते म्हणाले. “वावराले टॅक्टर हाये. हे फक्त पटाचे.”

“मग खुराक?”

“ढेप, हरभरा, दूध. पोराले देल्लं नाई थे याईले देतो, भाऊ.”

“आणि परवडतं?”

आबाजींनी माझ्याकडे शहरातल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. “परवडाचं काय घेऊन बसले तुमी? वावर तरी कुठी परवडते!”

यावर मला काही बोलता आलं नाही. पटातले बैल आता लाखांत विकले जातात. त्यांना नांगर ठाऊक नसतो. म्हणजे बैलाचाच आता घोडा झाला आहे. काम नाही, नुसता खुराक. सातशे वर्षं दुसऱ्याच्या घोड्यांना चारून वऱ्हाडाच्या अंगात ती सवय भिनली असावी. पण एक फरक आहे. या वेळी जनावर ज्याचं, ढेपही त्याचीच. आबाजी कर्जात असतील, पण बैलाच्या बाबतीत शिलेदार आहेत.

बैलाचं मत काय, हा प्रश्न राहतोच. तो फार उशिरा विचारला गेला. पूर्वी तुतारीचा खिळा टोचत, शेपटी पिरगाळत, नको ते करत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पटवाल्यांनी फार आरडाओरड केली. मला मात्र वाटलं, आमच्या मुलखातून इतके सुलतान, नवाब आणि लाटसाहेब गेले, पण जनावराला दुखतं का, असं विचारणारं सरकार-दरबारातलं हे पहिलंच कुणीतरी. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला, तोही अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी तो कायदा ग्राह्य धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांचा डॉक्टर तपासतो, आणि काठी-खिळा चालत नाही. बंदीच्या त्या वर्षांत कितीतरी जोड्या बाजारात गेल्या, असं आबाजी सांगत होते. पट नसेल तर खोंड ठेवायचा कशाला? ज्याला दुखू नये म्हणून बंदी आली, तोच गोठ्यातून गेला. दोन्ही बाजूंनी बोलणारे खरं बोलत होते, हीच पंचाईत.

दुपारी आबाजींची जोडी सुटली. काही सेकंदांत संपलं सगळं. हरली. कितव्या क्रमांकावर, ते विचारण्याचं धाडस मला झालं नाही. माणसं उठली, पुढच्या जोडीकडे वळली. आबाजी मात्र धावपट्टीच्या टोकाला गेले, जू उतरवलं, बैलांचे खांदे तळहाताने चोळले आणि पिशवीतून भिजवलेला हरभरा काढून पाटीत ओतला. पोरगा म्हणाला, “आबा, तुमी तं सकाळपासून काई खाल्लं नाई.”

“खाईन न लेका,” आबाजी म्हणाले, “हे खाऊ दे पहिले.”

सातशे वर्षांत इतका हरभरा गेला आमचा. पण कुणाच्या सक्तीवाचून, आपल्या हाताने आणि आपल्या जनावराला घातलेला तो मी पहिल्यांदा पाहिला. बैल मान खाली घालून सावकाश चघळत होते. त्यांना हरल्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. आबाजींनाही नाही.